आयनांबराचा प्रकल्प घेतल्यास खगोलशास्त्र दुरावेल का?

प्रश्न (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरे वर्ष, राजारामपुरी)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढे खगोलशास्त्रात संशोधन करावे, ही शाळेपासूनची इच्छा आहे, डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म याच गावचा, हे घरी इतक्या वेळा ऐकले आहे की माझी ही इच्छा घरच्यांनाही नवलाची वाटत नाही. मात्र गाईड सरांनी प्रकल्पासाठी दीर्घिका किंवा कृष्णविवरे न देता आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, विषय सुचवला आहे. रात्रीच्या आकाशाची ६३० नॅनोमीटर तरंगलांबीवर घेतलेली छायाचित्रे तपासायची आणि त्यांत दिसणारे काळे पट्टे मोजायचे, असे काम आहे. जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटरवरचे हे काम पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत गौण मानले जाईल का? शिवाय, मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधील हान्ले येथे आकाशात लाल प्रकाश टिपला गेला होता. तोही ६३० नॅनोमीटरचाच असेल, तर पन्हाळ्यावरून तो का दिसला नाही?

उत्तर १ (रात्रीच्या निरीक्षणांचा काही वर्षांचा अनुभव)

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. होय, दोन्हींकडचा लाल रंग एकाच ऑक्सिजन अणूचा. हा अणू उत्तेजित झाल्यावर प्रकाश सोडायला सरासरी ११० सेकंद घेतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या अवधीत त्याची दुसऱ्या रेणूंशी टक्कर होते आणि ऊर्जा निघून जाते. म्हणून हा प्रकाश साधारण २०० किलोमीटरच्या वरच टिकतो. १० मेच्या रात्री हान्लेच्या कॅमेऱ्यांना तो उत्तर क्षितिजालगत दिसला. हान्लेहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो, तर आपल्याकडे जेमतेम १७ अंशांवर. म्हणजे जे तिथेच क्षितिजाला टेकलेले होते, ते आपल्या क्षितिजाच्या पार खाली होते.

पण वादळ नसतानाही हा लाल प्रकाश आपल्या डोक्यावर रोज रात्री असतो. दिवसा सूर्यकिरणांनी तयार झालेले ऑक्सिजनचे आयन रात्री इलेक्ट्रॉनांशी पुन्हा जुळतात आणि त्यातून हीच मंद दीप्ती निर्माण होते. ती डोळ्यांना जाणवत नाही. अरुंद पट्ट्याचा फिल्टर आणि अख्खे आकाश कवेत घेणारे भिंग लावून एक-दोन मिनिटांचे एक्स्पोजर दिले की उमटते. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे आणि कोल्हापुरातून घेतलेल्या अशा छायाचित्रांवर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असते, याची मला मनापासून खंत वाटते.

त्यातले काळे पट्टे म्हणजे प्लाझ्माचे, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या वायूतले, विरळ बुडबुडे. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबराचा खालचा थर विरळ होतो, वरचा जड थर त्यावर तोलून राहत नाही आणि विरळ भाग वर उसळतो. तो चुंबकीय रेषांना धरून पसरत असल्यामुळे छायाचित्रात उत्तर-दक्षिण पट्टे दिसतात आणि ते हळूहळू पूर्वेकडे सरकतात. माझा पहिला पट्टा मी तासभर ढगच समजत होतो. मग लक्षात आले की त्याच्या आतले तारे जराही मंदावलेले नाहीत. ढग तारे झाकतो, बुडबुडा झाकत नाही. ही खूण लक्षात ठेवा, पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल.

या कामात चंद्र नसलेल्या रात्रीच हाताशी येतात, आणि पावसाळ्याचे महिने तर पूर्ण हातचे जातात. कॅमेऱ्यावरच्या पारदर्शक घुमटावर पहाटे दव धरते. ते वेळीच पुसले नाही, तर पुढची सगळी चित्रे वाया जातात.

उत्तर २ (मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात)

ताई, गौण मानले जाण्याची भीती मनातून काढून टाका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांवर १५० मेगाहर्ट्झच्या आसपास निरीक्षण करताना दूरच्या दीर्घिकेकडून येणारी लहर आमच्यापर्यंत पोचते ती तुमच्याच आयनांबरातून. तिथे इलेक्ट्रॉनांची घनता क्षणोक्षणी बदलते, लहरींची कला (फेज) बिघडते आणि आकाशातला स्रोत जागचा हलल्यासारखा दिसतो. आमचे कितीतरी दिवस केवळ ही चूक काढून टाकण्यात जातात. मुलाखत घेणाऱ्याने हे भोगलेले असेल, तर तुमच्या प्रकल्पावर तो अर्धा तास बोलेल. विषय कोणता यापेक्षा मोजमापातली चूक तुम्ही कशी अजमावली, हेच तिथे अधिक खोदून विचारतात.

उत्तर ३

वरील दोघांशी सहमत आहे. फक्त प्रक्रिया केलेली चित्रे न घेता मूळ चित्रे मागून घ्यावीत आणि पायथॉनमध्ये स्वतः दुरुस्त्या कराव्यात. पीएच.डी.साठीच्या जेस्ट आणि नेट या परीक्षांचा अभ्यास सोबत चालू ठेवावा. १० मे २०२४ च्या वादळाची सौरवाऱ्याची नोंद आदित्य-एल१ या इस्रोच्या सूर्याभ्यासाच्या यानाने सुमारे १५ लाख किलोमीटरवरून घेतली आहे. इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर यानाचा डेटा मिळतो. त्याच रात्रीची कोल्हापूरची चित्रे उपलब्ध असतील, तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ढग आणि बुडबुडा यांतला फरक वाचून सरांनी दिलेली नमुन्याची चार चित्रे पुन्हा उघडली. मी ढग म्हणून बाजूला ठेवलेल्या तिसऱ्या चित्रात काळ्या पट्ट्याच्या आत तारे स्पष्ट दिसत आहेत. १० मेच्या रात्रीची चित्रे आहेत का, हे सोमवारी सरांना विचारते.