दोन मिनिटांचे रीळ
जुन्या घरगुती चित्रफितींत प्रसंग मध्येच तुटतात ते चित्रण करणाऱ्यांच्या नवखेपणामुळे, हे मत मला अर्धेच पटते. मोठी अडचण फिल्मच्या लांबीची होती. कोडॅकने १९३२ साली आणलेल्या ८ मिलिमीटर पद्धतीत रीळ प्रत्यक्षात १६ मिलिमीटर रुंदीचे आणि २५ फुटांचे असे. त्याच्या एका बाजूवर जेमतेम दोन मिनिटे चित्रण झाले की कॅमेरा उघडून रीळ उलटवायचे, दुसऱ्या बाजूवर तेवढेच चित्रण करायचे, आणि फिल्म धुतल्यानंतर ती मधोमध चिरून दोन्ही पट्ट्या एकापुढे एक जोडल्या जात.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात काकांनी टिपलेल्या माझ्या मुंजीत मातृभोजनाचा पहिला घास दिसतो आणि लगेच पडदा नारिंगी होऊन पांढरा पडतो, कारण रीळ उलटवताना (माजघरात, तेही घोंगडीखाली!) कडेला उजेड लागला होता, चित्र परत येते तेव्हा पंगत उठून खरकटे काढणे चाललेले असते. शिवाय ही फिल्म रिव्हर्सल प्रकारची, म्हणजे धुतल्यावर तिच्यावरच सरळ चित्र उमटणारी, असल्याने तिला वेगळी निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच प्रोजेक्टरवर चढे, त्यामुळे दर दिवाळीत हौसेने पाहिलेल्या त्या मुंजीवर ओरखडेही दर दिवाळीचे आहेत.