‘लक्षणीय दिव्यांगत्व’ आणि ‘अनुग्रह कालावधी’: जाहिरातीतले दोन शब्द

शीवची मावशी:
भाची सरकारी भरतीचा अर्ज भरतेय. तिला लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन केसांखाली झाकलेलं आणि बोलणं स्वच्छ, त्यामुळे नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. जाहिरातीत आरक्षणाच्या परिच्छेदात ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असा शब्द आहे. तो वाचून ती म्हणाली, “मावशी, लक्षणीय म्हणजे लक्षात येणारं ना? मग मी कशी बसणार त्यात?” तिच्या प्रमाणपत्रावर ४८ टक्के आहेत, म्हणजे ती बसते. पण नुसत्या शब्दावरून तिला ते कळायला काही वाव नाही. खाली आणखी एक आहे, ‘लेखनिक व अनुग्रह कालावधी’, म्हणजे परीक्षेत उत्तरं लिहून देणारा माणूस आणि जास्तीचा वेळ. हा अनुग्रह कुणाचा? जाणकारांनी लिहावं. दिव्यांग की अपंग यावर इथे आधीच भरपूर धुरळा उडालाय, तो कृपया पुन्हा नको.

जुना मास्तर:
‘अनीय’ लागलेले शब्द घ्या. वाचनीय, उल्लेखनीय, आदरणीय. सगळे ‘तसं करण्याजोगं’ असं सांगतात. लक्षणीय म्हणजे लक्ष देण्याजोगं, दखल घ्यावी असं. ‘डोळ्यांना दिसणारं’ हा कोशातला अर्थ नव्हे. पण लोक कोश उघडून जाहिराती वाचत नाहीत. ‘लक्षणीय वाढ’, ‘लक्षणीय उपस्थिती’ हे पेपरात वाचून वाचून आपल्या कानाला ‘नजरेत भरेल एवढं’ असंच ऐकू येतं. तेव्हा भाचीला बोल लावता येणार नाही.
इंग्रजी कायद्यात या जागी ‘बेंचमार्क’ आहे. मोजणीवाले पक्क्या दगडावर नाहीतर इमारतीच्या जोत्यावर खूण कोरून ठेवतात आणि तिथून पुढच्या उंच्या मोजतात. भूगोलात आम्ही तिला तलचिन्ह म्हणायचो. ही ठरलेल्या रेघेची कल्पना आहे. ‘लक्षणीय’मध्ये रेघ गेली आणि नुसता अंदाज उरला.

परिपत्रकवाला:
रेघ ४० टक्क्यांची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता परिशिष्टात २१ आहेत. त्यातले थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता बघून कुणाला कळणार? ‘दिसणारं’ असा अर्थ घेतला तर परिशिष्टाचा मोठा भागच बाद होईल.
पण चाळीस पार केले की सगळं मिळालं, असंही समजू नका. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सर्वांसाठी आहेत. नोकरीतलं किमान ४ टक्के आरक्षण मात्र कलम ३४ मध्ये नावं घेतलेल्या गटांनाच. अंध आणि अल्पदृष्टी एक टक्का, बहिरे आणि कमी ऐकू येणारे एक टक्का, अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, आम्लहल्लापीडित वगैरे मिळून एक टक्का, आणि उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविध दिव्यांगत्व. थॅलेसेमियाचा मुलगा कॉलेजच्या कोट्यात बसतो, नोकरीच्या कोट्यात नाही. तुमची भाची दुसऱ्या गटात आहे, तिला अडचण नाही.

कॅलिपर:
माझा डावा पाय पोलिओचा. आमच्यात ‘लक्षणीय’ हा शब्द आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही ‘टक्के’ म्हणतो. ओळख झाली की दुसरं-तिसरं वाक्य ‘तुझे किती?’ दहावीचा निकाल विचारावा तसं. ‘चाळीसच्या वर बसलं का?’, ‘दोन टक्क्यांनी गेलं’, ‘टेम्पररी दिलंय, पाच वर्षांनी परत बोलावलंय’. ‘हाजीअलीला जाऊन आलास का?’ या प्रश्नात दर्गा नसतो. तिथली १९५५ सालची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था असते. तसं कानवाल्यांचं ठिकाण म्हणजे वांद्रे रेक्लमेशनची अलीयावर जंग संस्था.
तो आकडा येतो कसा, तेही सांगतो. टेबलावर झोपवतात. टेपने दोन्ही पायांची लांबी घेतात. दोन पात्यांची पट्टी गुडघ्याला लावून पाय किती अंशात वाकतो ते बघतात. मग डॉक्टर पाय दाबून धरतात आणि म्हणतात, “उचला.” एकेका स्नायूला शून्य ते पाच मार्क. त्यांची गोळाबेरीज ठरलेल्या सूत्राने होते आणि कागदावर टक्के उतरतात. एवढी मोजणी झाल्यावर जाहिरातीत ‘लक्षणीय’ कशाला? ‘किमान ४० टक्के दिव्यांगत्व’ लिहा, विषय संपला.

वडाळा लूप:
थोडं विषयांतर. कॅलिपर यांनी ‘पुनर्वसन’ लिहिलं म्हणून. मुंबईत हा शब्द उच्चारला की समोरचा विचारतो, “किती स्क्वेअर फूट?” झोपडपट्टी पुनर्वसन, प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसन, संक्रमण शिबिर. आमच्या सोसायटीतल्या आजोबांना अर्धांगवायूनंतर ‘पुनर्वसन विभागात’ पाठवलं, तर आजी घाबरून विचारत होत्या की घरी कधी आणणार. वसन म्हणजे राहणं, तेव्हा आजींचं काही चुकलं नाही.

जुना मास्तर:
आजींना माझ्या वतीने पूर्ण गुण. आता ‘अनुग्रह’कडे या.

अनुस्वार:
आमचं घर वारकरी. घरात ‘अनुग्रह’ शब्द एकाच वाक्यात येतो, ‘अमक्या महाराजांचा अनुग्रह घेतला’. गुरूने कृपा केली आणि शिष्याने पदर पसरून घेतली. दुसरा वापर महापालिकेतला. दिवाळीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांना ‘सानुग्रह अनुदान’ जाहीर होतं. लोक त्याला बोनस म्हणतात, पण फाइलीवर सानुग्रह, कारण देणाऱ्याने ते आपल्या खुशीने दिलंय, घेणाऱ्याचा दावा नाही, हे कागदावर राहायला हवं. दोन्हीकडे हात वरून खाली येतो.
आता गंमत बघा. केंद्राच्या २६ फेब्रुवारी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की ‘एक्स्ट्रा टाइम’, ‘ॲडिशनल टाइम’ हे शब्द बदलून ‘कॉम्पेन्सेटरी टाइम’ म्हणावं, आणि तो वेळ तासाला २० मिनिटांपेक्षा कमी नसावा. म्हणजे तिकडे विचार करून शब्द बदलला. हाताने सावकाश लिहिणाऱ्याचा, किंवा दुसऱ्याला सांगून लिहवून घेणाऱ्याचा जो वेळ जातो, तो त्याला परत द्यायचा. आणि मराठीत येता येता तो महाराजांच्या हातात गेला.

परिपत्रकवाला:
एवढा काथ्याकूट नको. ‘ग्रेस पिरियड’चं मराठी म्हणून हा शब्द कचेऱ्यांत रुळलेला असावा, तोच कुणीतरी उचलला. शब्द कोणताही असो, तासाला २० मिनिटं मिळतात की नाही ते महत्त्वाचं. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं.

कॅलिपर:
मिळतात, पण कशी ते बघा. माझ्या मित्राला सेरेब्रल पाल्सी आहे. तीन तास संपले, बाकीचे पेपर देऊन गेले, वर्गात हा आणि लेखनिक दोघंच. पर्यवेक्षक खिडक्या लावायला लागले. पंखा बंद केला. मग दारात उभं राहून, “अजून किती वेळ देऊ तुम्हाला?” साहेब, त्यातलं ‘देऊ’ कुठून आलं असेल असं वाटतं? त्यांच्या हातातल्या सूचनापत्रकावर ‘अनुग्रह’च छापलेलं होतं.

जुना मास्तर:
मग पर्याय तपासू. ‘जादा वेळ’ सोपा आहे, पण २०१३ ने नको म्हटलेला अर्थ तोच. शिवाय जादा वेळ म्हटलं की गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला ओव्हरटाइम आठवतो. ‘पूरक वेळ’ चांगला वाटला असता, पण ‘पूरक परीक्षा’ने त्याचं नाव खराब केलंय. ‘भरपाई’ला अपघाताचा आणि विम्याचा वास आहे खरा, तरी ‘बुडालेल्या तासांची भरपाई’ आपण शाळेत बिनदिक्कत म्हणतो. पाऊस पडून शाळा बंद राहिली की शनिवारी भरपाईचे तास असायचे आणि त्यात कुणाला कुणाची कृपा वाटायची नाही. माझं मत ‘भरपाई वेळ’ला.

खालचं कोर्ट:
भरपाईच्या बाजूने एक निकालही आहे. २०२१ च्या नीटला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातली अडचण, असलेल्या एका विद्यार्थिनीला तासाभराचा हा वेळ दिला गेला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वेळ नाकारणं चूक होतं. परीक्षा मात्र पुन्हा घ्यायला लावली नाही. तिच्यावर झालेला अन्याय दुसऱ्या कोणत्या मार्गाने दुरुस्त करता येईल, ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ठरवावं, असं म्हटलं. गेलेला तास काही तसाच्या तसा परत आला नाही.
‘लक्षणीय’बद्दलही त्याच वर्षीचा निकाल बघा. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, ११ फेब्रुवारी २०२१. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास, ज्याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. आयोगाने लेखनिक नाकारला, कारण ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही. न्यायालय म्हणालं, चाळीसची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, ती लेखनिकाला लावता येणार नाही. लिहायला खरी अडचण आहे ना, तेवढं बघा. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. म्हणजे ‘लक्षणीय’ नसलेलाही कायद्याच्या लेखी दिव्यांग आहेच, फक्त काही दारं त्याला बंद आहेत. जाहिरात वाचणाऱ्याला हे कळत नाही, ही माझी या शब्दाबद्दलची तक्रार.

अनुस्वार:
‘लेखनिक’ मात्र मला आवडतो. पोरं ‘रायटर’च म्हणतात. ‘टीवायचा पेपर आहे, दादर सेंटर, रायटर हवा’ असे मेसेज मार्च-एप्रिलमध्ये फिरत असतात.

वडाळा लूप:
आमच्याकडे रायटर म्हणजे पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणारा हवालदार. तो मेसेज पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चांगलाच दचकलो होतो.

शीवची मावशी:
सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. भाचीला लेखनिक नकोय, स्वतःच लिहिणार. तरी वेळ मागता येईल का?

परिपत्रकवाला:
येईल, पण आधी आता लागू असलेल्या सूचना बघा, कारण २०२५ मध्ये केंद्राने नव्या काढल्या. २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत असं होतं: लक्षणीय दिव्यांगत्व आहे पण लेखनिक घेत नाही, अशा उमेदवारालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास देता येत होता. पेपर लहान असेल तर त्या प्रमाणात, पाचाच्या पटीत. आणि आता अनुस्वार यांच्या बाजूने एक दाणा टाकतो. तासाला २० मिनिटांचं वाक्य ‘शुड’ने लिहिलंय, लेखनिक न घेणाऱ्यांचं वाक्य ‘मे’ने. शिवाय ज्या परिच्छेदात ‘ॲडिशनल टाइम’ म्हणू नका असं बजावलंय, त्याच परिच्छेदात पुढच्याच वाक्यात ‘ॲडिशनल टाइम’ लिहून ठेवलंय. तेव्हा अर्जात वेळेचा रकाना असेल तर तिथे आताच खूण करा. हॉलमध्ये बसल्यावर मागायला गेलात तर खरोखरच अनुग्रहावर अवलंबून राहावं लागेल.