बँकॉक-सिंगापूर : जाताना साडेतीन तास, येताना दीडच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की आईला घेऊन धाकट्या भावाकडे सिंगापूरला जायचंय, वाटेत तीन दिवस बँकॉक. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. दोन तास बसून राहिली की उठताना हात द्यावा लागतो. म्हणून तिकिटं काढायच्या आधी तास मोजायला बसले आणि डोकं चक्रावलं.

बँकॉकहून विमान ११.१० ला सुटतं, सिंगापूरला १४.३५ ला पोचतं. परतीचं सिंगापूरहून १५.४० ला, बँकॉकला १७.०५ ला. कंपनी तीच, विमानतळ तेच! आमचे हे म्हणतात, "जाताना घाट लागत असेल." चेष्टा राहू दे, पण अंतर आहे तरी किती? आणि आईला सलग किती वेळ बसावं लागेल?

अजून एक. येताना बँकॉकला मुक्काम नाही. त्याच संध्याकाळी २०.०० चं मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर बघून ठेवलंय. मधे तीन तास मिळतात, पुरतील ना?

प्रतिसाद १

ताई, तिकिटावर त्या त्या गावची स्थानिक वेळ छापतात. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे. जातानाच्या हिशोबातून तास वजा करा, येतानाच्या हिशोबात मिळवा. दोन्हीकडे २ तास २५ मिनिटंच येतील. हवाई अंतर साधारण १,४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त, मुंबई-कोलकात्यापेक्षा कमी. कडेची सीट घ्या, आईंना मधे एक फेरी मारता येईल.

खरं तर नकाशात सिंगापूर बँकॉकच्या जवळपास सरळ खाली आहे, तासाचा फरक पडायचं कारण नाही. पण १९८२ सुरू होताना मलेशियाने घड्याळ अर्धा तास पुढे केलं आणि सिंगापूरनेही पाठोपाठ तेच केलं. त्याआधी बँकॉकशी फरक अर्ध्या तासाचाच होता. भावाला विचारा, तिकडे सात वाजत आले तरी नुकतं उजाडत असतं.

प्रतिसाद २

घड्याळ सुटलं, पण बँकॉकला कुठे उतरताय ते बघितलंत का? तिथे विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एक शहराच्या पूर्वेला, दुसरा उत्तरेला.

धागाकर्ती

अगं बाई! सिंगापूरचं विमान डॉन मुआंगला उतरतंय आणि मुंबईचं सुवर्णभूमीहून सुटतंय. मी नुसतं 'बँकॉक' वाचलं.

प्रतिसाद २

मग तीन तास विसरा. तिकिटं वेगळी, म्हणजे सामान पुढे आपोआप जात नाही. इमिग्रेशन, बॅगा, मग संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून रस्ता, परत चेक-इनची रांग, आणि काउंटर तासभर आधी बंद. दोन विमानतळांमध्ये मोफत बस आहे, पुढचं तिकीट दाखवून बसता येतं, पण ट्रॅफिक तिलाही चुकत नाही. सिंगापूरहून सकाळचं विमान घ्या, तेही सुवर्णभूमीला उतरणारं. आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा.

आणि भावाला फराळ नेणार असालच, तर सिंगापूरला खसखस चालत नाही. नियम कडक आहे.

धागाकर्ती

सकाळचं ९.२० चं मिळालं, सुवर्णभूमीचंच. थोडं महाग पडलं, पण काढून टाकलं. खसखशीचं आईला सांगितलं तर जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचे अनारसे तिळावर थापते."