शिक्षकांचे शाळेबाहेरचे छंद आणि त्यांचे तास: तुमचे अनुभव लिहा

शाईचा_डाग
आज जुनी कागदपत्रं आवरताना एका पाकिटातून कृष्णधवल फोटो निघाला, आमच्या वर्गातल्या रिकाम्या बाकांचा. मागे पेन्सिलने लिहिलंय, '८ सेकंद. अजून थोडं कमी.' अक्षर आमच्या रसायनाच्या सरांचं.

सरांना फोटोग्राफीचं वेड होतं. प्रयोगशाळेला लागून अडगळीची खोली होती, तिच्या खिडकीला काळा कागद लावून त्यांनी डार्करूम केली होती. शाळा सुटल्यावर ज्याला यायचं त्याने यावं. लाल दिवा आणि ओळीने तीन ट्रे. निगेटिव्हमधून प्रकाश पाडलेला, पण अजून कोराच दिसणारा कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला की काही क्षण काहीच होत नाही. मग केस दिसायला लागतात, मग भुवया, मागच्या सावल्या, आणि चेहऱ्याचा उजळ भाग सगळ्यात शेवटी भरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही सगळ्या ओरडलोच.

पुस्तकात एवढंच होतं की सिल्व्हर ब्रोमाइडवर प्रकाश पडला की त्याचं विघटन होतं आणि चांदी मोकळी होते. एक वाक्य, परीक्षेत एक गुण. सरांनी एकदा मुद्दाम एक फोटो हायपोत (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) न बुडवता उजेडात आणला. आमच्या डोळ्यांदेखत तो काळवंडत गेला. "प्रकाश न लागलेलं ब्रोमाइड अजून कागदावरच आहे. ते विरघळवायला हायपो." हर्शेलने १८१९ मध्येच हायपोचा हा गुण शोधला होता, म्हणजे फोटोग्राफी जन्माला यायच्या आधी, हेही सरांनीच सांगितलं. लाल दिवा का, तर तो कागद निळ्या प्रकाशाला संवेदनशील असतो, लाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. हे सगळं मला आजही न आठवता आठवतं.

तुमच्या शिक्षकांचे असे छंद होते का? ते वर्गात उतरायचे का? लिहा ना.

मागचा_बाक
दुसऱ्या ट्रेचा तो आंबट वास आला वाचताना. ॲसिटिक ॲसिड. मस्त धागा.

रेघोट्या
धुणं लावलंय, तेवढ्यात लिहून घेते.
गणिताच्या बाई. मधल्या सुट्टीत कायम हातात क्रोशाची सुई. आम्हाला वाटायचं नातवंडांसाठी टोप्या विणतात. एक दिवस वर्तुळाच्या परिघाचा धडा होता आणि बाई तीन विणलेले गोल घेऊन आल्या. एक सपाट, एक वाटीसारखा, एक झालरीसारखा. म्हणाल्या, तिन्हींत फरक फक्त टाके वाढवण्याचा आहे. प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवले तर गोल सपाट राहतो, कारण त्रिज्या जेवढी वाढते त्याच प्रमाणात परीघ वाढतो. कमी वाढवले की वाटी. जास्त वाढवले की परीघाला जागा पुरत नाही, मग झालर. दोन पाय आर हे सूत्र मी हातात धरून बघितलंय!!

खूप वर्षांनी वाचलं की डाइना टाइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना भूमिती शिकवायला अशीच झालरीची विणकामं केली होती. त्या पृष्ठभागावर त्रिकोण काढला तर कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते. आमच्या बाईंना हे ठाऊक होतं का कोण जाणे, पण तो झालरीचा गोल त्यांनी फळ्याच्या खिळ्याला वर्षभर लटकवून ठेवला होता.

दोन_आण्याची_पेन्सिल
@रेघोट्या, माझी आई पण विणते. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे आम्हाला कुणी शाळेत सांगितलं असतं तर गणितात नापास झाले नसते."

रेघोट्या
आईंना नमस्कार सांगा 😊

तारायंत्र
आमचे भौतिकशास्त्राचे सर हॅम होते. म्हणजे हौशी रेडिओवाले, परवाना वगैरे घेऊन. त्यांच्या गच्चीवर तार ताणलेली होती. तरंगलांबी शिकवताना आम्हाला टेप घेऊन तीच मोजायला लावली. सरांच्या रेडिओची वारंवारता चौदा मेगाहर्ट्झ. तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, साधारण एकवीस मीटर. तार निघाली दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तरंगलांबीच्या निम्मी. आमचं गणित आणि टेप एकमेकांशी जुळले तेव्हा वर्गात काय आरडाओरडा झाला होता! गणित खऱ्या जगाशी जुळतं हे तोवर आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.

लांबचं मध्यमलहरी स्टेशन रात्रीच का लागतं हेही त्यांनीच समजावलं. वातावरणाचा जो खालचा थर दिवसा त्या लहरी शोषून घेतो तो सूर्य मावळला की विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून परत येतात.

पण खरी गंमत वेगळीच. तास संपला की सर डस्टरने टेबलावर ठोकायचे: दोन लांब तीन आखूड, मग तीन आखूड दोन लांब. मोर्समध्ये ७३. हॅम लोक निरोप घेताना हे पाठवतात, अर्थ 'शुभेच्छा'. दोन महिन्यांत अख्खा वर्ग बाकांवर तेच उत्तर ठोकायला लागला. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या 😄

मागचा_बाक
मी आत्ता ऑफिसच्या टेबलावर ठोकून बघितलं. समोरचा विचारतोय काय झालं.

तारायंत्र
७३ मागचा_बाक!

पानगळ
माझा अनुभव आनंदाचा नाही, तरी लिहिते. जीवशास्त्राचे सर पक्षी बघायला जायचे. रविवारी पहाटे चारपाच मुलं त्यांच्याबरोबर. वहीत तारीख, वेळ, हवा, झाड, पक्षी काय करत होता, सगळं लिहायचं. नाव ओळखता आलं नाही तरी चालेल, पण चोचीचं आणि शेपटीचं चित्र काढायचंच. चोच बघून खाणं ओळखायला शिकलो. जाड आखूड चोच दाणे फोडणारी, वाकडी अणकुचीदार मांस फाडणारी.
मग कुणीतरी तक्रार केली की सर अभ्यासाचा वेळ वाया घालवतात. शाळेने बंद करायला लावलं. सर काही बोलले नाहीत, पण नंतरच्या तासांना पुस्तक उघडून सरळ वाचून दाखवायला लागले. ते मला फार लागलं होतं. अजून लागतं. वही आहे माझ्याकडे.

शाईचा_डाग
@पानगळ, वाचून वाईट वाटलं. ती वही जपून ठेवा. जमलं तर एखादं चित्र इथे टाका.

दोन_आण्याची_पेन्सिल
+१. तक्रार करणाऱ्यांना कळत नाही आपण काय बंद करतोय.

सावलीचं_घड्याळ
भाषेचे सर, छंद दुर्बिणीचा. ८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्याच्या समोरून जाणार होता. सरांनी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती, थेट बघायला सक्त मनाई. तळहाताएवढा सूर्य आणि त्यावर काळाभोर गोल ठिपका, हळूहळू सरकणारा. आम्ही दर थोड्या वेळाने पुठ्ठ्यावर पेन्सिलने त्याची जागा टिपत होतो. त्यानंतर निबंधाचा विषय दिला, 'मी पाहिलेला ठिपका'. माझा तोवरचा सर्वात चांगला निबंध.
२०१२ च्या जूनमध्ये पुन्हा होतं. सकाळीच सरांचा फोन. "बघतोयस ना? पुढचं २११७ ला."

पानगळ
किती छान. असे फोन यायला हवेत.

गॅलरीतली_कुंडी
मी स्वतः शिक्षिका आहे, विज्ञान शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. रात्री गॅलरीत पांढरी चादर लावून मागे दिवा ठेवते आणि येणारे पतंग बघते. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या. हे फोटो वर्गात दाखवले की एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंसुद्धा पुढे सरकतात. एकाने काडेपेटीत कोष आणून दिला होता, त्यातून पतंग बाहेर येताना अख्ख्या वर्गाने बघितला. चुरगळलेले पंख हळूहळू ताणले जातात, कारण शरीरातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकललं जातं. त्या तासाला हजेरी घ्यायची राहूनच गेली.
पण खरं सांगते, पेपर तपासणी, निकालपत्रकं आणि सतरा प्रकारच्या नोंदी यांत चादर लावायला वेळच उरत नाही. शिक्षकाला त्याची संध्याकाळ मिळाली पाहिजे. वर तुम्ही सगळ्यांनी लिहिलेले तास त्या संध्याकाळीच तयार झालेत.

तारायंत्र
शेवटचं वाक्य अगदी पटलं बाई. आमचे सर रात्री रेडिओवर बसायचे म्हणून सकाळी आम्हाला सांगायला काही असायचं.

बिनझाकणाचं_पेन
थोडं विषयांतर, पण शाईचा_डाग, आजोबांचा फिल्मचा कॅमेरा आहे आणि एक न वापरलेला जुना रोल. चालेल का?

शाईचा_डाग
कृष्णधवल असेल तर शक्यता बरी आहे, रंगीत लवकर बिघडतो. जुन्या रोलला प्रकाश जास्त द्यावा लागतो, दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) असा ढोबळ हिशेब धरतात. आधी रोल न घालता कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरा, लेन्सजवळच्या फटीतून उजेड आत येतो का बघा. नवीन रोल अजून बनतात, काळजी नको.

बिनझाकणाचं_पेन
धन्यवाद! रविवारी बघतो.

दोन_आण्याची_पेन्सिल
@रेघोट्या, आई विचारतेय, सपाट गोलासाठी फेरीला किती टाके वाढवायचे? ती सुई घेऊन बसलीच आहे.

रेघोट्या
मुका खांब (आखूड टाका) असेल तर सहा, साधा खांब (उंच टाका) असेल तर बारा. झालर हवी असेल तर मनाला येतील तेवढे वाढवा म्हणावं. झाला की फोटो टाका!