न्यायालयात हरलेल्या खटल्यांचे मोल

रानजाई

काल 'पाऊलवाट' यांनी येथे लिहिले की, स्त्रियांच्या प्रजनन हक्कांसाठी वकिलांवर पैसा आणि वर्षे खर्च करणे आता थांबवावे. त्यांचे कारण असे की, गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकला. उलट, त्यांच्या मते, आयर्लंड आणि अर्जेंटिनातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, म्हणून त्यांचे कायदे टिकले. हे वाचल्यापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. २००८ मध्ये निकेता मेहता आणि डॉ. निखिल दातार गर्भपाताची परवानगी मागायला उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे कळले तेव्हा कायद्यातली वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. परंतु जो दोष पुष्कळदा विसाव्या आठवड्यानंतरच सोनोग्राफीत नीट दिसतो, त्यासाठी विसाव्या आठवड्याची मर्यादा कोणत्या वैद्यकशास्त्रात बसते, हा प्रश्न त्या पराभवामुळेच घरोघरी पोहोचला. पुढे एकेक स्त्री सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावत राहिली आणि २०२१ मध्ये कायदा बदलला: ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवडे, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास मुदतच नाही. यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मला तरी आठवत नाही.

नेपाळचेही पाहा. लक्ष्मी धिक्ता या गरीब बाईकडे गर्भपाताचे हजारएक रुपये नव्हते, म्हणून तिला नको असलेले मूल जन्माला घालावे लागले. तिच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरकारला बजावले की, पैशांअभावी जो वापरता येत नाही, तो हक्कच नव्हे. हे एखाद्या सभेतल्या ठरावाने झाले असते का?

पाऊलवाट

मुंबईचा खटला २००८ चा आणि दुरुस्ती २०२१ ची. मधल्या तेरा वर्षांत ज्यांना नाकारले गेले, त्यांचा हिशेब आपण कोठे मांडला? २०१७ मध्ये चंडीगडच्या दहा वर्षांच्या बलात्कारित मुलीला बत्तिसाव्या आठवड्यात परवानगी नाकारली गेली आणि तिला मूल जन्माला घालावे लागले. दहा वर्षांची मुलगी, रानजाईताई. तो आकडा मी अजून विसरू शकत नाही.

दुसरे म्हणजे, आपला १९७१ चा गर्भपाताचा कायदा न्यायालयानेही दिला नाही आणि रस्त्यानेही नाही. तो शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून आला आणि त्यामागे लोकसंख्येची चिंताही होती. म्हणून त्यात स्त्रीला हक्क नाही, डॉक्टरला संरक्षण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री आजही गुन्हेगार ठरू शकते. ते कलम आपल्या कोणत्या खटल्याने हलवले? ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईला सव्वीस आठवड्यांच्या पुढे आधी परवानगी देऊन आठवड्याभरात ती मागे घेतली गेली, हेही विसरू नये. 'रो'च्या निकालाने फार घाई केली, असे त्याच न्यायालयाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी अनेकदा म्हटले होते, आणि त्यांनी तर वकील असताना स्त्रियांचे खटले लढवले.

दवाखाना

मी तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमचा वाद मुंबई-दिल्लीत चालतो, आमचा पोलीस ठाण्यात आणि फॉर्म एफच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या अर्जाच्या, रकान्यात. पत्त्याचा रकाना अपुरा राहिला म्हणून सोनोग्राफी यंत्राला सील लागलेले मी पाहिले आहे. नोंदी नीट न ठेवणे हाही गुन्हाच आहे, यावर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. त्या भीतीने माझ्या ओळखीच्या तिघांनी गर्भपात करणेच सोडून दिले. औषधांच्या दुकानात गोळ्या मागितल्या तर दुकानदार नाही म्हणतो, कारण त्याला तपासणी नको असते. मग ती बाई कोठे जाते, हे मी सांगायला हवे का?

तराजू

डॉक्टर, क्षमा करा, पण हे ऐकून घेणे मला शक्य नाही. फॉर्म एफ कोणी कारकुनाने गंमत म्हणून काढलेला नाही. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि दोन्ही कागदावरच राहिले. 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कोठे राज्ये हलली. माझ्या थोरल्या बहिणीचे दोन गर्भ मुलीचे म्हणून पाडले गेले. पाडणारा पदवीधर डॉक्टर होता आणि त्याच्या दवाखान्यात भिंतीवर देवीची तसबीर होती. आपल्या व्यवसायाने आधी स्वतःकडे पाहावे.

दवाखाना

आपल्या बहिणीवर जे ओढवले, त्याचे मला मनापासून दुःख आहे. परंतु त्या माणसाच्या पापाचे खापर माझ्या माथी फोडू नका. त्याचे सर्व फॉर्म बहुधा बिनचूक भरलेले असतील, कारण ज्याला लपवायचे असते, तो कागद नीटच ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात एक आई सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी केसपेपरची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. अल्पवयीन असल्यामुळे पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावे लागेल, असे मी सांगितले. मुलाशी तिचे लग्न ठरत आले होते. आईने तिच्या हातातून केसपेपर घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि "येतो बाई" म्हणून दोघी निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. वास्तविक २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव कळवण्याची गरज नाही. अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा मार्ग मोकळा करणारा तोच निकाल. पण ठाण्यातील हवालदार म्हणाला, "नावाशिवाय नोंद होत नाही." निकाल आला, पण आमच्या ठाण्यापर्यंत आला नाही.

तराजू

ती मुलगी गेली, याचे मलाही वाईट वाटते. फॉर्मबद्दलचे माझे मत मात्र मी बदलणार नाही.

बेळगाव ते डब्लिन

पाऊलवाट आयर्लंडचे नाव घेतात, म्हणून लिहिते. सविता हलप्पनवार माझ्याच गावची, व्यवसायाने दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात गॉलवेच्या रुग्णालयात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते, तरी ठोके ऐकू येत होते म्हणून गर्भपात नाकारला गेला. आठवड्याभरात जंतुसंसर्गाने ती गेली. वय एकतीस.

तिच्या आधी न्यायालये गप्प नव्हती. आईच्या जिवाला धोका असेल, आत्महत्येचा असला तरी, तर गर्भपात चालेल, असे आयरिश सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच म्हटले होते, आणि डिसेंबर २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही सरकारला दोषी धरले होते. संसदेने कायदा केला तो २०१३ मध्ये, सविता गेल्यानंतर. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनेतील बंदी उठवली. तेव्हा डब्लिनमधील एका भिंतीवर तिचा चेहरा रंगवला होता आणि लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. मतदान करून मी तेथे गेले आणि एक चिठ्ठी मराठीत लिहिली. पाऊस नव्हता, तरी कागद हातात ओला झाला. त्या विजयात रस्ता किती आणि न्यायालय किती, हे मला वेगळे करता येत नाही, आणि ज्यांना करता येते, त्यांनी ती भिंत पाहिलेली नाही.

रानजाई

१९९२ ते २०१३ ही एकवीस वर्षे माझ्या बाजूची नाहीत, हे मान्य करावे लागते. मान्य करताना जड जाते. परंतु पाऊलवाट, डॉक्टरांच्या ठाण्यात जो निकाल पोहोचला नाही, तो मुळात कोणी तरी लढला म्हणून अस्तित्वात आला. त्यातील पोक्सोचे परिच्छेद मी रविवारपर्यंत एका पानात मराठीत उतरवून देते.

पाऊलवाट

ते पान ठाण्यात नेऊन हवालदारासमोर ठेवायला शेवटी माणसेच लागतील, आणि माझे म्हणणे एवढेच होते. पान तयार झाले की आमच्या गटातल्या चौघी प्रत्येक तालुक्यात जातील. वकिलीवरचा माझा विश्वास त्यामुळे वाढला, असे समजू नये.

दवाखाना

त्या पानात एक गोष्ट घाला. डीएनए तपासणीसाठी पोलीस गर्भाचा नमुना मागतात आणि बाटलीवर नाव मागतात. मुलीचे नाव द्यायचे नसेल, तर बाटलीवर काय लिहायचे?