आपण काय दुकान काढलंय का?

उखळवाला: हे वाक्य परवा आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत ऐकलं. संस्था सोलापूरच्या पूर्व भागात. विड्या वळणं सोडलेल्या बायका शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतात. भाव ठरवणं, उधारी वसूल करणं नीट शिकून घेऊ, एवढंच मी म्हणालो होतो.

आता गणित बघा. चटणी २४० रुपये किलो. शेंगदाणे, लसूण, तिखट १६०. पाकीट-लेबल १४. दुकानदाराचे २० टक्के, म्हणजे ४८. उरले १८. त्यातच भाजायचा गॅस आणि दोघींचं कांडण! नफा नको म्हणता म्हणता तोटा बायकांच्या मनगटातून भरून घेतोय आपण. माझ्या मते वर्षभर नवा उपक्रम नको, आधी खर्च काढायला शिका.

जुना कार्यकर्ता: आम्ही शिकलो की ओ! पुण्याहून प्रशिक्षक आले, दोन दिवस पडद्यावर बाण आणि वर्तुळं. जेवणखाण आमचं, हाती एक फाइल. आता देणगीदार विचारतो, प्रत्येक बाईमागे खर्च किती? रात्री एकीला रिक्षानं सिव्हिलला नेलं, ते कुठल्या रकान्यात लिहू? आणि हिशेब लागला की जी कमी कांडते तीच आधी बाहेर जाते. साठीच्या बाईला कोण ठेवेल?

कीर्द-खतावणी: भावनेचं राहू द्या, कायद्याचं बघा. ट्रस्टची विक्री एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की आयकराची सूट धोक्यात.

उखळवाला: अर्धंच सांगितलंत. ती मर्यादा ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ उद्देशाच्या संस्थांना. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत यांना नाही. मात्र धंदा मूळ उद्देशाला धरून हवा आणि त्याची वही वेगळी हवी. आमच्याकडे चटणीचे पैसे आणि देणगी एकाच पावती पुस्तकात! म्हणूनच शिकायचं म्हणतोय.

विडीघरची लेक: शिकवणार कोण नि कोणाला? माझी आई शाळेत गेली नाही. पण हजार विड्यांना पानं किती लागतात, तंबाखू किती, कारखान्यात खराब म्हणून किती बाजूला काढल्या, सगळं तोंडपाठ. संस्थेत मात्र तिला भाव कुणी विचारला नाही. पेटीची किल्ली विश्वस्तांकडं.

जुना कार्यकर्ता: ताई, हे मान्य. पण साठीच्या बाईचं काय, त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

विडीघरची लेक: काका, ती शेंगदाणे निवडायला बसेल, तिचीही मजुरी भावात धरायची. आज ती धरलेलीच नाही, म्हणून फुकट ठेवल्यासारखी वाटते.

उखळवाला: जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, आपला स्टॉल आहे. या वेळी भाव बायकाच ठरवतील, असं बैठकीत मांडणार आहे. दुकान काढलंय का म्हणाले तर हो म्हणेन.

कीर्द-खतावणी: वेगळी वही मी घालून देतो. फुकट नाही हं, तीही खर्चात धरा.