मदत हवी आहे: खाडीतल्या समुद्री गवताविषयी होडीवाल्यांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ खाडीकाठी आमचं घर आहे. घरची होडी भाऊ पर्यटकांसाठी चालवतो. दिवाळीची गर्दी सरल्यावर अमावास्येच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मी चिखलात उतरले, तर गवताच्या पट्ट्यात लांबच लांब चर पडलेले. इंजिनाच्या पंख्याने कापत नेलेले. शेजारी नांगर ओढल्याचे खड्डे. त्यातला एखादा चर आमच्याच होडीचा असणार, हे तेव्हापासून मनातून जात नाही.

हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं आहेत, फुलं येतात. आमच्याकडची जात हॅलोफिला बेक्कारी, पान बोटाच्या पेराहून लहान. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ही जात 'असुरक्षित' गटात आहे. त्याच्या मुळांनी चिखल धरून ठेवलेला असतो आणि सुंगटांची (कोळंबीची), माशांची पिल्लं त्यातच लपतात. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कांदळवनाबरोबर समुद्री गवतही सर्वांत संवेदनशील गटात आहे, पण कांदळवन निदान डोळ्यांना दिसतं. हे भरतीत बुडालं की कुणाच्या लक्षातही राहत नाही.

जेटीवर विषय काढला तर एक काका लगेच म्हणाले, "म्हणजे आता हयसर पण बंदी काय गो?" त्यांची भीती मला पटते. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याला इथल्या मच्छीमारांनी किती वर्षं विरोध केला ते आम्ही घरातच ऐकत आलोय. मला बंदी नकोच आहे. उथळ पाण्यात इंजिन वर उचलावं, गवतावर नांगर टाकू नये, एवढंच म्हणणं आहे. यावर भावाचा प्रश्न, "भरती येयसर गिराईक थांबतला काय?" मला उत्तर देता आलं नाही.

नांगराऐवजी होडी बांधायला कायमचे बोये (साखळीने तळाला बांधलेले तरंगते गोळे) टाकावेत असं वाटलं होतं. पण साध्या बोयाची साखळी भरती-ओहोटीबरोबर तळावर फिरते आणि गोल पट्टा खरवडून काढते. इंग्लंडमध्ये स्टडलंड बे इथे २०२१ पासून ऐच्छिक 'नांगर नको' पट्टा आहे आणि तिथे साखळी तळाला न लागणारे बोयेही बसवलेत. आपल्या खाडीत, पावसाळ्यातल्या ओढीत असं काही टिकेल का? कुणी असं काम केलं असेल तर सुरुवात कुठून केली, ते कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, बोयाचं नंतर बघा, त्याला मेरीटाईम बोर्डाला विचारावं लागेल. आधी होडीची वाट ठरवा. गवत कुठे आहे ते चिखलातून तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांना आणि दोन जुन्या तांडेलांना (होडी हाकणाऱ्यांना) सुकतीला एकत्र न्या, खोल पाण्याची वाट त्यांनाच दाखवू द्या. होडी त्या वाटेने गेली तर पंखाही वाचतो आणि गिऱ्हाईकही खोळंबत नाही. तुमच्या भावाला उत्तर मिळालं. आणि बोलणं सुंगटांपासून सुरू करा, गवत आपोआप येईल.

मूळ धागाकर्ती

तिसऱ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं! आमची काकी चाळीस वर्षं जातेय त्याच चिखलात. येत्या पौर्णिमेच्या सुकतीला तिला आणि भावाला घेऊन जाते. वाट दाखवायला बांबू रोवले तर जाळी अडकतील का, एवढं मात्र कुणीतरी सांगा.